परदेशात घर मांडताना

आपल्याकडे आई कामावर जाते तेव्हा लहान मूल बहुधा आजीजवळ राहते. आजी नसेल तर शेजारच्या काकू असतात, अंगणवाडी असते, गल्लीतले पाळणाघर असते. परदेशी गेलेल्या कुटुंबाचा हा आधार एकाएकी तुटतो. मग 'काम कसे मिळवावे?' आणि 'मूल कोठे ठेवावे?' हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतून बसतात. ही गुंतागुंत आपण जर्मनीच्या उदाहरणावरून पाहू. 2024 साली महाराष्ट्र शासनाने कुशल मनुष्यबळ पाठविण्यासंबंधी जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी करार केला. तेव्हा हा विषय आपल्यापैकी अनेकांच्या घरापर्यंत येऊ शकतो.

समजा, पती अभियंता म्हणून श्टुटगार्टला गेला आणि मागोमाग पत्नी दीड वर्षाच्या मुलीला घेऊन तेथे पोहोचली. पत्नीलाही नोकरी करण्याची परवानगी असते. कायद्याची अडचण नसते. अडचण भाषेची असते. ती परिचारिका असेल, तर तिच्या पदवीला तेथील शासनाची मान्यता मिळवावी लागते आणि जर्मन भाषेची परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते. भाषा शिकायची तर वर्गाला जायला हवे, आणि वर्गाला जायचे तर मुलीला कोणीतरी सांभाळायला हवे. आजीला बोलवावे, तर पाहुणी म्हणून आलेल्या व्यक्तीला 180 दिवसांत 90 दिवसांपेक्षा अधिक राहता येत नाही. तीन महिन्यांत भाषा येत नाही आणि मूलही मोठे होत नाही!

जर्मनीत पाळणाघर व बालवाडी यांना मिळून 'किटा' म्हणतात. 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हा शब्द फ्रीड्रिख फ्रोबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने 1840 मध्ये रूढ केला. गंमत अशी, की याच भाषेत तान्हे मूल दुसऱ्याच्या हाती सोपवून कामावर जाणाऱ्या बाईला 'राबेनमुटर', म्हणजे 'डोमकावळीण आई', असे हिणवणारा शब्दही आहे. देशाची फाळणी झालेली असताना पूर्व जर्मनीत पाळणाघरे सर्वत्र होती. पश्चिमेत मात्र आईने घरीच राहावे, असा समज दीर्घकाळ टिकला. तो समज कायद्याने हळूहळू मागे सारला. 1996 पासून तीन वर्षांवरील मुलांना आणि 1 ऑगस्ट 2013 पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला सांभाळाची जागा मिळण्याचा हक्क आहे. हा हक्क मुलाचा आहे. आईला आधी नोकरी असली पाहिजे, अशी अट त्याला नाही. दिवसाला किती तास मिळावेत, हे मात्र पालकांच्या गरजेवर ठरते. वर वर्णन केलेल्या आईला या तरतुदीचे मोल किती आहे, हे वेगळे सांगायला नको.

परंतु हक्क कागदावर असला, तरी जागा हाती येईलच असे नाही. लाइपझिग शहरातील तीन मातांना मुले एक वर्षाची झाल्यावर पुन्हा कामावर जायचे होते. किटात जागा न मिळाल्याने त्यांचे वेतन बुडाले आणि त्यांनी नगरपालिकेकडे भरपाई मागितली. 20 ऑक्टोबर 2016 रोजी जर्मनीच्या संघीय न्यायालयाने निर्णय दिला, की पालकांना कमाई करता यावी, हाही या कायद्याचा हेतू आहे. पैसे अपुरे आहेत, ही सबब नगरपालिकेला चालणार नाही. नगरपालिकेचा दोष होता की नाही, हे तपासण्यासाठी प्रकरण मात्र खालच्या न्यायालयाकडे परत पाठविण्यात आले. बुडालेल्या पगाराचा आणि पाळणाघराचा संबंध इतक्या स्पष्टपणे मान्य व्हावा, ही लहान गोष्ट नव्हे.

व्यवहारात पालकांनी लवकर हालचाल करावी लागते. बर्लिनमध्ये बालककल्याण कार्यालयाकडे अर्ज करून प्रथम एक मंजुरीपत्र घ्यावे लागते. हा अर्ज मूल किटात जाण्यापूर्वी नऊ ते दोन महिने या काळात करायचा असतो. पत्र मिळाले म्हणजे जागा मिळाली, असे नव्हे. किटा आपणच शोधायची. किटाऐवजी 'टागेसमुटर', म्हणजे परवाना घेऊन थोडी मुले सांभाळणारी बाई, हाही मार्ग असतो. शुल्क गावागणिक बदलते.

जागा मिळाल्यावरही आई लगेच कामाला लागू शकत नाही. मूल रुळावे, म्हणून पहिले तीन दिवस आई किंवा वडील त्याच्याबरोबर वर्गातच बसतात. चौथ्या दिवशी ते थोडा वेळ बाहेर जाऊन पाहतात. मूल सावरले नाही, तर लगेच परततात. यात काही आठवडे जातात. म्हणून जाणती माणसे नोकरीच्या मुलाखतीतच रुजू होण्याची तारीख पुढची मागून घेतात. हे दिवस वडिलांनीही वाटून घेतले, तर आईचा भाषावर्ग बुडत नाही.

पाठावर आधारित प्रश्न
1. आजीला बोलावल्याने पाठातील आईची अडचण पूर्णपणे का सुटत नाही?
2. 'हा हक्क मुलाचा आहे' या वाक्याचा आईच्या दृष्टीने अर्थ स्पष्ट करा.
3. आपल्या परिसरात कामावर जाणाऱ्या आईवडिलांची मुले कोण सांभाळते, याची माहिती घेऊन आठ-दहा वाक्ये लिहा.