नाताळाची गोधडी: महिन्यास एक चौकोन
(स्त्रीसभांसाठी व उपदेशकांसाठी पाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग: लूक २:१–७, प्रेषितांची कृत्ये ९:३६–४३ व १०:९–३५.



नाताळाच्या दिवसांत आपल्या माळरानावर थंडी कडक पडते. ज्या घरी पांघरूण पुरेसे नाही तेथे लेकरे चुलीजवळ निजतात व म्हातारी माणसे पहाटेपर्यंत बसून रात्र काढतात. आपला प्रभू जगात आला तेव्हा त्यास मनुष्याच्या हातून जी पहिली सेवा मिळाली ती कापडाचीच होती. त्याच्या मातेने त्यास बाळंत्यात गुंडाळले. यास्तव त्याच्या जन्मदिनी गरजू घरास पांघरूण द्यावे हे अगदी योग्य होय. ते एकेकट्याने नव्हे, तर सर्व मंडळीने मिळून कसे करावे हे ह्या पाठात सांगावयाचे आहे.

१. ही रीत कोठून आली

गोधडी शिवणे आपणांस कोणी शिकवावयास नको. ती आपल्या आयाआज्यांची विद्या आहे. परंतु एक एक चौकोन निराळा शिवून मग सर्व जोडावयाचे ही रीत अमेरिकेत फार वाढली. तेथील बाल्टिमोर शहरी १८४० नंतरच्या काही वर्षांत पुष्कळ स्त्रिया एकेक चौकोन करीत, त्यावर आपले नाव घालीत, व ते सर्व जोडून एक गोधडी होई. पुढे कॅन्सस सिटी येथील एका वर्तमानपत्राने १९२८ पासून १९६१ पर्यंत अशा चौकोनांचे नमुने छापले, व घरोघरच्या स्त्रिया ते जमवून ठेवीत. गरिबांसाठी कपडे शिवणाऱ्या ख्रिस्ती स्त्रियांच्या सभाही एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात व अमेरिकेत निघाल्या, आणि त्यांनी नाव घेतले ते यापो येथील दुर्कस हिचे.

२. यापो गावचा धडा

दुर्कस मरण पावली तेव्हा विधवा रडत पेत्राजवळ आल्या, आणि तिने शिवलेले अंगरखे व वस्त्रे त्यांनी त्यास दाखविली. तिने काय उपदेश केला हे शास्त्रात लिहिलेले नाही. तिची शिवण मात्र लिहिलेली आहे. देवाच्या दृष्टीने सुईचे काम हलके नाही, हा पहिला धडा.

परंतु ही गोष्ट वाचून पुष्कळजण तेथेच थांबतात. पुढचे वचन पाहा. दुर्कस जिवंत झाल्यावर पेत्र त्याच गावी राहिला, आणि राहिला कोणाच्या घरी? शिमोन चांभाराच्या. मेलेल्या जनावरांचे कातडे हाताळणाऱ्याचा धंदा यहूदी लोकांत अमंगळ समजला जाई. त्याच घराच्या धाब्यावर दोन प्रहरी पेत्रास दृष्टांत झाला: चार कोपरे धरून सोडलेली मोठ्या चादरीसारखी एक वस्तू आकाशातून उतरली, आणि देवाने जे शुद्ध केले त्यास तू अशुद्ध मानू नकोस, असा बोध त्यास तीन वेळा झाला. तो ह्याचा विचार करीत आहे तोच परजातीच्या कर्नेल्याची माणसे दारी उभी राहिली.

दुर्कसची सुई, चांभाराचे घर व चार कोपऱ्यांची चादर ह्या तिन्ही गोष्टी एकाच गावच्या आहेत. ज्यांनी एक शिकली त्यांनी तिन्ही शिकाव्यात.

३. काम कसे करावे

नाताळ आटोपल्यावर डिसेंबरच्या शेवटच्या सभेत पहिला चौकोन शिवावा, व पुढे दरमहा एक. असे केल्याने नोव्हेंबरात बारावा चौकोन पुरा होतो, आणि डिसेंबरचा आरंभ जोडणीस मोकळा राहतो.

पुठ्ठ्याचा एकच नमुना कापून सभेच्या पेटीत ठेवावा. तो एकोणीस इंच लांब व तितकाच रुंद असावा. चहूकडून अर्धा इंच शिवणीत गेला म्हणजे अठरा इंच, अर्थात एक हात, उरतो. आडवे तीन व उभे चार चौकोन जोडले की तीन हात रुंद व चार हात लांब गोधडी होते.

कापड सुती व वापरून मऊ झालेले असावे. जुने लुगडे, धोतर किंवा सदरा चालेल. दोन्ही हातांनी ताणून पाहावे. जे फाटते ते वर न लावता आतील थरात घालावे. कापड नवे असल्यास आधी धुवावे, नाहीतर ते मागाहून आटते व रंग सोडते. चौकोनाच्या मध्यभागी एक तुकडा ठेवून भोवती पट्ट्या जोडाव्यात. नवशिक्या मुलीसही हे साधते.

जोडताना आधी तीन तीन चौकोनांच्या चार ओळी कराव्यात, मग ओळी एकमेकींस जोडाव्यात. खाली अस्तर, मध्ये जुन्या लुगड्यांचे दोनतीन थर व वर हे चौकोन असे पसरून, मधोमध सुरुवात करून कडेकडे कच्चे टाके घालावेत, म्हणजे सुरकुती पडत नाही. मग बायांनी चहूबाजूंनी बसून दोन दोन बोटांच्या अंतराने धावदोरा घालावा. अस्तर चारी बाजूंनी चार बोटे मोठे ठेवून ते शेवटी वर दुमडले की किनार तयार होते.

ज्या भगिनी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात त्यांजकडून कापड आधीच मागून घ्यावे. त्या नाताळात मंडळीत नसतात. त्यांचा तुकडा तरी असावा.

४. बाजूस सारलेला तुकडा

आता कठीण गोष्ट बोलणे भाग आहे. आपल्या मंडळ्यांत निरनिराळ्या जातींतून आलेली कुटुंबे आहेत. प्रभुभोजनास एकत्र बसणारी माणसेही कित्येक ठिकाणी लग्नाच्या पंक्तीत निराळी होतात. गोधडीच्या कामात हे लपत नाही. तोंडाने कोणी काही बोलत नाही, परंतु अमक्या घरचा तुकडा हळूच बाजूस सारला जातो आणि "रंग जुळत नाही" असे कारण सांगितले जाते. ज्या घरचे कापड सारले जाते त्या घरच्या बाईस खरे कारण तत्काळ कळते. पुढच्या महिन्यात ती सभेस येत नाही.

ह्यास उपाय सोपा आहे. मंडळीतील प्रत्येक घराचे नाव वहीत लिहावे, व वर्षभरात एकही घर सुटू देऊ नये. आलेले सर्व कापड एकाच घंगाळात, एकाच पाण्यात धुवावे. मग तुकडे कापून एका टोपलीत मिसळावेत, आणि प्रत्येकीने न पाहता हात घालून जो येईल तो घ्यावा. उपदेशकाच्या पत्नीने प्रथम घ्यावा.

एखादी म्हणेल, एवढ्याने जातिभेद जाईल काय? एवढ्यानेच जाणार नाही. परंतु ज्या पांघरुणात एका घरचे कापड नको म्हणून टाकून दिले आहे, ते प्रभूच्या नावाने देण्याजोगे राहिले काय?

५. ती कोणास द्यावी

ज्यास थंडी अधिक वाजते त्यास. तो ख्रिस्ती आहे की नाही हे विचारू नये. देव पक्षपाती नाही हे पेत्र कर्नेल्याच्या घरी उभा राहून बोलला, आणि ते समजण्यास त्यास चांभाराच्या घरी राहावे लागले. देताना भाषण करू नये, मोबदल्यात सभेस येण्याचे वचन मागू नये. नाताळाच्या आदल्या सांजेस दोघीतिघींनी जाऊन द्यावी व प्रार्थना करून परतावे.

विचार करण्यासाठी प्रश्न

१. विधवांनी पेत्रास काय दाखविले? आपल्यामागे लोक काय दाखवतील?
२. पेत्र यापोत कोणाच्या घरी राहिला? त्यावरून आपण काय शिकावे?
३. आपल्या मंडळीत कोणत्या घरचे कापड अद्याप मागितले गेले नाही? ते मागावयास कोण जाईल, आणि केव्हा?