टॉवरला विरोध करायचा असेल तर

आमच्या गच्चीवर मोबाइल टॉवर येणार हे बहुतेकांना कळलं ते सभेचं इतिवृत्त हातात पडल्यावर. वार्षिक सभेच्या शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ निघाले, तोवर निम्मी माणसं घरी गेली होती. भाडं येईल, देखभाल खर्च हलका होईल, सर्वानुमते मंजूर. उपविधींप्रमाणे गणपूर्तीला दोन-तृतीयांश किंवा वीस, यांतली कमी असेल तेवढी संख्या पुरते. म्हणजे मोठ्या सोसायटीतही वीस जण हजर असले की सभा चालते. म्हणून ठराव कसा झाला ते पहिल्यांदा तपासा. गच्ची भाड्याने देण्यासारखा विषय विषयपत्रिकेत नसणं, ही आमची पहिली लेखी हरकत होती.

त्यानंतर एक-पंचमांश सभासदांच्या सह्या गोळा केल्या. तेवढ्या सह्यांची मागणी आली की समितीला महिन्याच्या आत विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. मागणीपत्राच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका. तोंडी आश्वासन देणारा सचिव उद्या बदलू शकतो.

सह्या फिरत होत्या तेव्हाच व्हॉट्सॲपवर कॅन्सरचे संदेश धडाधड येऊ लागले. लहान मुलं असलेल्या घरांतली भीती खरी होती, तिला कुणी हसू नये. पण निव्वळ त्या मुद्द्यावर लढाई टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 मध्ये मोबाइलच्या रेडिओ लहरी ‘कर्करोगकारक असण्याची शक्यता’ या गटात टाकल्या, त्याही मर्यादित पुराव्यावर. आपल्याकडे 1 सप्टेंबर 2012 पासून टॉवरच्या उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश आहे. सांगली जिल्ह्यातल्या चिखलहोळ ग्रामपंचायतीने गावकऱ्यांच्या आरोग्याच्या तक्रारींवरून टॉवरचं काम थांबवण्याचा ठराव केला, तो मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये रद्द केला. धोक्याचा शास्त्रीय पुरावा समोर नाही, हे त्यामागचं कारण. तेव्हा अर्जात रोगांची यादी लिहू नका, मोजणीची मागणी लिहा.

आमचं काम झालं ते इमारतीच्या जोरावर. खांब, अँटेना, यंत्रांची कपाटं, बॅटऱ्या, जनरेटर एवढं ओझं गच्चीवर चढणार आणि खाली चौथ्या मजल्यावरच्या काकू दर पावसाळ्यात गळतीखाली बादल्या लावणार! उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. आमची इमारत तिशी ओलांडलेली आणि ऑडिट रखडलेलं. ते आम्ही आधी करून घेतलं. कॉलमची दुरुस्ती झाल्याशिवाय गच्चीवर जादा वजन नको, असं अभियंत्याने लेखी दिलं. विशेष सभेत ते पत्र वाचून दाखवलं आणि ठराव मागे घेतला गेला. टॉवरच्या बाजूने असलेल्यांनीही हात वर केले, कारण ती इमारत त्यांचीही होती.

पण टॉवर गेला तो शेजारच्या इमारतीवर. भाडं त्यांना आणि एका अँटेनाचं तोंड आमच्या वरच्या मजल्यांकडे. अँटेनाचा झोत मुख्यतः समोर जातो, किंचित खाली झुकतो. थेट पायाखाली तो क्षीण असतो. म्हणून ज्यांच्या गच्चीवर टॉवर आहे त्यांच्यापेक्षा समोर त्याच उंचीवर राहणाऱ्यांनी अधिक जागरूक राहायला हवं. दूरसंचार विभागाच्या मार्गदर्शक सूचनांत अँटेनासमोर त्याच उंचीवरच्या इमारतीसाठी अंतरं दिली आहेत : एक अँटेना असेल तर 20 मीटर, दोन असतील तर 35, चार असतील तर 45. आम्ही टेप लावून अंतर मोजलं, ते पुरेसं भरलं. मग विभागाच्या ‘तरंग संचार’ पोर्टलवर 4,000 रुपये शुल्क भरून उत्सर्जनाची मोजणी मागवली. आकडे मर्यादेच्या बरेच खाली आले. ते आम्ही सूचनाफलकावर लावले, विरोध करणाऱ्यांनीच लावले. हे करायला हवंच होतं, कारण निकाल मनासारखा आला तरच मानायचा असेल तर मोजणी मागण्यात अर्थ नाही.

जनरेटरबद्दल मात्र आम्ही हटलो नाही. त्याच्या आवाजाला एक मीटरवर 75 डेसिबलची मर्यादा आहे आणि रात्री वीज गेली की आमच्याकडे खिडक्या लावून घ्याव्या लागत. तक्रारीनंतर ध्वनिरोधक आवरण बसलं.

तुमच्या सोसायटीला टॉवर हवाच असेल, आणि नेटवर्क सर्वांनाच लागतं, तर वरच्या मजल्यावरच्यांची लेखी संमती वेगळी घ्या. सभासदांची किती संमती लागते आणि काय परवानगी लागते, हे महापालिकेच्या नगररचना विभागाकडून लेखी मागवा. उत्तर येत नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज टाका. करारात चार गोष्टी हव्यात : वॉटरप्रूफिंगची जबाबदारी, करार संपल्यावर कंपनीच्या खर्चाने टॉवर काढणं, मालमत्ता कर कोण भरणार (टॉवरवर तो लावता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये म्हटलं होतं), आणि नवी अँटेना चढवण्याआधी पुन्हा परवानगी. फाइव्ह-जी आल्यापासून ही शेवटची अट फार महत्त्वाची झाली आहे. शेजारच्यांच्या करारात ती नाही. नूतनीकरणाच्या वेळी ती घालून घ्या, असं पत्र आम्ही त्यांच्या समितीला दिलं आहे आणि त्यांच्या पुढच्या सभेत बोलू देण्याची विनंतीही केली आहे.