सुई, खाच आणि रॉक : टर्नटेबल जुळवण्याचं एक प्रॅक्टिकल

‘रॉक म्हणजे नुसता गोंगाट’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने घरी ऐकलं असेल. पण जुन्या टर्नटेबलवर रॉकची रेकॉर्ड लावली आणि झांजा चरचरल्या, गाणाऱ्याचा ‘स’ शिट्टीसारखा फुटला, बेस गिटार कुठे गेली तेच कळेना, तर तो गोंगाट बँडचा नसतो. बऱ्याचदा तो जुळवणीचा असतो. लोक मग ट्रेबल कमी करतात, बेस वाढवतात, नाहीतर सरळ नवे स्पीकर घ्यायला निघतात. माझं म्हणणं एवढंच, की पाकीट उघडण्याआधी सुई खाचेत नीट बसली आहे का ते बघा.

माझ्या मामाने त्याच्या सत्तरच्या दशकातल्या रेकॉर्डी ‘घासून संपल्या’ म्हणून रद्दीत काढायचं ठरवलं होतं. एक अख्खा रविवार त्याचा डेक जुळवण्यात घालवला, तेव्हा त्यातल्या बऱ्याचशा ठणठणीत निघाल्या. काही खरोखरच झिजलेल्या होत्या, आणि त्यावर इलाज नाही. चुकीच्या जुळवणीने वाजवलेली रेकॉर्ड दर खेपेला थोडी थोडी खरवडली जाते, आणि खाचेला ‘अनडू’चं बटण नसतं!

आधी थोडी थिअरी

स्टिरिओ रेकॉर्डच्या खाचेला दोन तिरक्या भिंती असतात. आतल्या भिंतीवर डावा चॅनल, बाहेरच्या भिंतीवर उजवा. रेकॉर्ड मिनिटाला ३३⅓ फेरे फिरते. बाहेरच्या कडेला त्रिज्या साधारण १४६ मिमी असते, म्हणजे तिथे खाच सुईखालून सेकंदाला ५१ सेंमी वेगाने सरकते. आत ६० मिमी त्रिज्येवर हाच वेग उरतो फक्त २१ सेंमी. म्हणजे १० किलोहर्ट्झची एक लाट बाहेर ५१ मायक्रॉन लांब, तर आत जेमतेम २१ मायक्रॉन. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच १५ ते १८ मायक्रॉन असते. ती त्या लाटेत शिरणार कशी? म्हणूनच लंबगोल टोकाची सुई आतल्या गाण्यांना जास्त न्याय देते.

आता लेड झेपेलिनचा १९७१ चा चौथा अल्बम घ्या. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं ‘स्टेअरवे टू हेवन’. सुरुवात हळुवार, आणि सगळा दणदणाट शेवटी, म्हणजे खाच सगळ्यात अडचणीची असते नेमका तिथे! जुळवणी तपासायला यापेक्षा चांगला पेपर मिळणार नाही.

कृती

१) जागा. डेक लेव्हलमध्ये हवा. स्पिरिट लेव्हल प्लॅटरवर दोन दिशांनी ठेवून बघा. स्पीकर आणि डेक एकाच टेबलावर कधीही ठेवू नका. स्पीकरची कंपनं टेबलातून सुईत, सुईतून अॅम्प्लिफायरमध्ये आणि परत स्पीकरमध्ये जातात, आणि बेसचा चिखल होतो. आवाज वाढवला तर डेक चक्क घुमायला लागतो. भिंतीतल्या फळीवर कडप्प्याचा तुकडा आणि त्याखाली रबर, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

२) वेग. स्ट्रोबची चकती वापरणार असाल तर आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, म्हणून ३३⅓ साठी १८० रेघांचं वर्तुळ स्थिर दिसलं पाहिजे. अमेरिकन चकतीवरचं २१६ रेघांचं वर्तुळ ६० हर्ट्झसाठी असतं. बऱ्याच एलईडी दिव्यांत ही लुकलुक नसते. जुन्या चोकची ट्यूब किंवा छोटा निऑन दिवा घ्या. कुणी अमेरिकेहून जुना सिंक्रोनस मोटरचा डेक आणला असेल तर तो इथे २७.८ फेऱ्यांनीच फिरेल आणि गिटार तीन सेमिटोन खाली उतरेल. व्हायवाचा प्रश्न : ट्रान्सफॉर्मर लावून हे सुटेल का? नाही! तो व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही.

३) वजन. अँटी-स्केटिंग शून्यावर ठेवा, काउंटरवेट फिरवून टोनआर्म हवेत आडवा तरंगू द्या, डायल शून्यावर आणा आणि मग कार्ट्रिजच्या कागदावर दिलेलं वजन लावा. ‘वजन जितकं कमी तितकी रेकॉर्ड सुरक्षित’ हा गैरसमज घरोघरी आहे. हलकी सुई ड्रमच्या ठोक्याला भिंत सोडते आणि परत आदळते; खाच खराब होते ती त्या आदळण्याने. कागदावर १.८ ते २.२ ग्रॅम लिहिलं असेल तर मी रॉकसाठी २ ते २.१ ठेवतो. डायलवर भरवसा नको. सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा छोटा डिजिटल काटा घ्या, आणि वजन रेकॉर्डच्या उंचीवरच मोजा.

४) कोन. रेकॉर्ड कापताना कटर सरळ रेषेत आत जातो, आपला टोनआर्म मात्र एका टोकाला अडकलेला असल्याने कमानीत फिरतो. त्यामुळे सुई फक्त दोन जागी अचूक स्पर्शिकेत येते. बेअरवाल्डच्या प्रचलित गणिताप्रमाणे या जागा केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिमीवर आहेत. त्याचा प्रोट्रॅक्टर छापून घ्या, पण दुकानदाराला ‘पानात बसवू नका, शंभर टक्केच छापा’ असं बजावून सांगा आणि पट्टीने मोजून खात्री करा. हेडशेलचे दोन स्क्रू किंचित सैल करून कार्ट्रिज पुढे-मागे सरकवा, दोन्ही जागी तिच्या कडा रेघांना समांतर आल्या की स्क्रू आवळा. कार्ट्रिज सरकली की वजन बदलतं, तेव्हा पायरी ३ पुन्हा करा. कंटाळवाणं काम आहे, पण झांजांची चरचर सगळ्यात जास्त इथेच कमी होते.

५) अँटी-स्केटिंग. घर्षणामुळे टोनआर्म आत ओढला जातो आणि बाहेरची भिंत सैल पडते. सुरुवातीला वजनाइतकाच आकडा लावा. मग बाजूच्या शेवटच्या गाण्यात उजवा स्पीकर आधी फाटत असेल तर आकडा थोडा वाढवा, डावा फाटत असेल तर कमी करा.

६) उंची. सुई रेकॉर्डवर असताना टोनआर्म समांतर दिसला पाहिजे. मागची बाजू फार वर किंवा फार खाली नको. फरक बारीक असतो, यावर रात्र जागवू नका.

७) वायरिंग. रेकॉर्ड कापताना बेस मुद्दाम दाबतात आणि ट्रेबल चढवतात. १ किलोहर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल खाली आणि २० किलोहर्ट्झला तितकंच वर. हा आरआयएए वक्र १९५४ पासूनचा. फोनो प्रीअॅम्प तो उलटा करतो. डेक थेट ऑक्सला जोडला तर आवाज बारीक आणि पत्र्यासारखा येणारच! आता केबलचं बघू. मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमध्ये साधारण अर्धा हेन्री इंडक्टन्स धरा. केबल आणि प्रीअॅम्प मिळून ३०० पिकोफॅरड असतील तर रेझोनन्स येतो १३ किलोहर्ट्झला, बरोबर झांजांच्या पट्ट्यात. तेच १५० केले तर १८ किलोहर्ट्झच्या वर. म्हणजे केबल आखूड ठेवणं हासुद्धा टोन कंट्रोलच आहे. दुसऱ्या वर्षाचं एलसी सर्किट कुठेतरी उपयोगी पडलं म्हणायचं!

निरीक्षण कसं करायचं

एका वेळी एकच गोष्ट बदला. रेकॉर्ड आधी ब्रशने साफ करा, सुईही मागून पुढे पुसा. दर बदलानंतर तोच तुकडा, त्याच आवाजात ऐका. आधी ‘स’ आणि झांजा, मग बेस ड्रम आणि बेस गिटार वेगवेगळे ऐकू येतात का, शेवटी गाणारा दोन्ही स्पीकरच्या बरोबर मध्ये आहे का. डीप पर्पलच्या १९७२ च्या ‘मशीन हेड’ची दुसरी बाजू यासाठी छान आहे : पहिलं गाणं ‘स्मोक ऑन द वॉटर’ बाहेर, शेवटचं ‘स्पेस ट्रकिन’ आत. बाहेर स्वच्छ आणि आत घाण वाजलं तर पायरी ३ ते ५ कडे परत जा. दोन्हीकडे सारखंच घाण वाजलं तर सुई भिंगाखाली बघा. ती झिजली असेल तर जुळवणी थांबवा आणि आधी सुई बदला. आणि सुई नवी असूनही तेच रडगाणं चालू राहिलं, तर ती रेकॉर्डच झिजलेली समजा.

निष्कर्ष

सगळा खर्च : एक वजनकाटा, एक छापील कागद आणि अर्धा दिवस. घरात माळ्यावर कुणाच्या तरी तरुणपणीच्या रेकॉर्डी पडल्या असतील, तर त्या विकण्याआधी हे प्रॅक्टिकल एकदा करून बघा. रीडिंग मात्र शेजारच्याच्या जर्नलमधून उतरवू नका. इथे आपलेच कान लागतात!