डायलिसिस : क्षारांचा हिशेब

कंडक्टिव्हिटी सेलचं प्रॅक्टिकल आपल्यापैकी बहुतेकांनी सीनियरच्या जर्नलमधून उतरवलेलं आहे. मीही त्यातलाच. पण मागच्या वर्षी रूममेटच्या काकांना छत्रपती संभाजीनगरला आयसीयूत ठेवलं, दोन रात्री त्याच्यासोबत बसायची वेळ आली, आणि तोच सेल डायलिसिस मशीनच्या पडद्यावर भेटला : १४.० मिलीसीमेन्स प्रति सेंटिमीटर.

काका संग्रामपूर तालुक्यातले, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातले. किडनीचा आजार तिथे गावोगावी ऐकू येतो आणि लोक दोष पाण्यालाच देतात. काकांना शुगर आणि बीपीही होतंच.

इलेक्ट्रोलाइटला मराठीत काय म्हणतात, हे मला कॉन्व्हेंटमुळे ठाऊक नव्हतं. मेसच्या मावशी म्हणाल्या, "क्षार म्हण ना." तर हे क्षार म्हणजे सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट वगैरे. यातला खरा धोकेबाज पोटॅशियम. रक्तात तो साधारण ३.५ ते ५ मिलीइक्विव्हॅलंट प्रति लिटर असावा. काकांचा ७.१ होता. एवढा वाढला की ईसीजीतली टी-वेव्ह टोकदार होते आणि हृदय कधीही बंद पडू शकतं. म्हणून डॉक्टरांनी आधी कॅल्शियम ग्लुकोनेट दिलं, मग इन्शुलिन आणि ग्लुकोज. गंमत अशी की यातल्या कशानेच पोटॅशियम शरीराबाहेर जात नाही. कॅल्शियम हृदयाला सांभाळतं, इन्शुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलतं. बाहेर काढायचं काम डायलिसिसचं.

तत्त्व साधं आहे : पडद्याच्या एका बाजूला रक्त, दुसऱ्या बाजूला द्रावण, जास्तीकडून कमीकडे डिफ्युजन. मग द्रावणात पोटॅशियम शून्यच का ठेवू नये? मी हेच विचारलं. डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. शरीरातला जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतो. आपण उपसतो तो बाहेरचा दोन टक्के. तो झपाट्याने खाली आणला तर आत-बाहेरचं गुणोत्तर बिघडतं आणि हृदयाची लय चुकते. म्हणून काकांना २ चं द्रावण लावलं आणि मॉनिटरवर नजर ठेवली. डायलिसिस थांबल्यावर पेशींतला पोटॅशियम पुन्हा रक्तात येतो, त्यामुळे लगेच घेतलेला रिपोर्ट चांगला दिसला तरी काही तासांनी परत रक्त घेतात.

युरिया आणि सोडियमचंही तसंच. युरिया एकदम उतरला तर मेंदूत पाणी शिरून सूज येते. सोडियम बरेच दिवस कमी असेल तर तो २४ तासांत ८-१० च्या वर चढू देत नाहीत. बीपी फारच कमी असलेल्या पेशंटला म्हणून चोवीस तास चालणारं मंद डायलिसिस लावतात. तिथे उलटी पंचाईत होते : फॉस्फेट आणि पोटॅशियम गरजेपेक्षा जास्त निघून जातात आणि ते परत द्यावे लागतात.

आता आपल्या कामाची गोष्ट. मशीन शुद्ध केलेलं पाणी आणि कॅनमधली दोन कॉन्सन्ट्रेट ठरलेल्या प्रमाणात मिसळतं आणि मिश्रण बरोबर आहे का ते कंडक्टिव्हिटीवरून तपासतं. पण सेलला कळते ती सगळ्या आयनांची बेरीज, आणि तिच्यात मोठा वाटा सोडियमचा. सोडियम १४० च्या आसपास, पोटॅशियम फक्त २ किंवा ३. चुकून दुसऱ्या पोटॅशियमचा कॅन लागला तर आकडा जेमतेम हलेल आणि अलार्म वाजणारच नाही. म्हणून रात्री दोन वाजताही सिस्टर कॅनवरचं लेबल मोठ्याने वाचत होत्या आणि दुसऱ्या सिस्टर केसपेपरशी ताडून बघत होत्या. मला आधी ते उगाचच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोटॅशियम ४.८ आला. तेवढ्यात गावाहून आलेल्या पाहुण्यांनी मोठ्या प्रेमाने सहा शहाळी आणली. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर. सिस्टरांनी ती दारातच अडवली. 'लो सोडियम' मिठाचंही काकूंना बजावलं, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. शहाळी मग आम्ही दोघांनी जिन्यात बसून संपवली.