पंख्याला हुकूम पोचवणारी तार

मंडळी, सायकलचा ब्रेक तुम्ही रोज पाहता. दांडी हातात, ब्रेक मागच्या चाकाला. मग हाताचा जोर तिथवर जातो कसा? मधे एक तार असते. ती एका नळीतून जाते. नळी जागेवर राहते आणि आतली तार सरकते. वाटेत वळण असले तरी जोर पोचतो. ही युक्ती जुनी आहे. अर्नेस्ट बाउडन यांनी 1896 साली ब्रिटनमध्ये तिचे पेटंट घेतले.

अशाच तारा शिडाच्या होडीवरही असतात. त्यांना केबल म्हणतात. सायकलची तार फक्त ओढते. मागे आणायचे काम स्प्रिंग करते. होडीची केबल ओढते आणि ढकलतेही. म्हणून तिची आतली तार जाड आणि ताठ असते.

कुणी म्हणेल, शिडाच्या होडीला इंजिन कशाला? शिडावर जगाची फेरी होते, हे खरे. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ होडीतून नौदलाचे दिलीप दोंदे यांनी 2009-10 साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. वाटेत ते चार बंदरांत थांबले. 2012-13 साली अभिलाष टॉमी यांनी त्याच होडीतून कुठेही न थांबता फेरी पुरी केली. पण वारा पडला, किंवा गर्दीच्या बंदरात धक्क्याला लागायचे असले, म्हणजे इंजिनाची गरज पडते.

तीन केबल, तीन कामे

पहिली केबल रेसची. ती इंजिनाचा वेग कमी-जास्त करते.
दुसरी गिअरची. ती पंखा पुढे फिरवते, मागे फिरवते, किंवा न्यूट्रलमध्ये मोकळा सोडते.
तिसरी इंजिन बंद करण्याची. ती ओढली की तेल तुटते आणि डिझेल इंजिन थांबते. ही काही होड्यांवर असते, काहींवर नसते.

आता विचार करा. होडीला ब्रेक नाही. धक्का जवळ आला की पंखा उलटा फिरवूनच ती थांबवायची. नेमक्या त्या वेळी गिअरची केबल तुटली तर? दांडा मागे येईल, पण पंखा पुढेच फिरत राहील. दांडा आणखी ओढावा तर रेस वाढेल आणि होडी जास्तच जोराने धक्क्यावर जाईल. फळ्या फुटतील. मधे कुणाचा हात किंवा पाय सापडला तर तो कायमचा जाईल. एवढा अनर्थ एका तारेपायी होतो.

दुखणे कुठे आहे?

केबल सहसा एकदम तुटत नाही. आधी ती सांगून ठेवते. आपण ऐकत नाही. दांडा जड होतो. वरची नळी फुगते किंवा तडकते. टोकाशी तांबूस गंज दिसतो.

एक तरुण खलाशी तांडेलाला म्हणाला, “तांडेलमामा, दांडा लई जड लागतोय. केबलमध्ये तेल सोडू का?”

तांडेल म्हणाला, “अरे, आधी दुखणं कुठं आहे ते तर बघ! इंजिनाकडचं टोक सोडव. मग इंजिनाचा हात बोटानं हलव. तो सहज हलला तर इंजिन बरं आहे. आता वरचा दांडा हलव. अजून जड आहे? मग दांड्याकडचंही टोक सोडव आणि नुसती केबल सरकवून बघ.”

“केबलच अडकतेय, मामा.”

“मग ती बदलायची. आत गंज धरलाय. वरून तेल ओतून तो जायचा नाही. आज सैल होईल अन् उद्या ऐन वेळी दगा देईल.”

तांडेलाचे म्हणणे बरोबर आहे. नळीला चीर पडली की खारे पाणी आत जाते आणि तार गंजते. इंजिनाच्या धुराच्या गरम नळीला केबल टेकली तर वरचे आवरण वितळते. एक केबल गेली की तिच्याच वयाची दुसरीही बदललेली बरी.

नवी केबल कशी घ्यावी?

जुनी केबल काढून सरळ करा. एका टोकाच्या आट्यांपासून दुसऱ्या टोकाच्या आट्यांपर्यंत लांबी मोजा. जुनीवर नंबर छापलेला असेल तर तो उतरून घ्या. जुनी केबल दुकानात बरोबर न्या. आखूड केबल ताणली जाते. फार लांब केबलीला वेटोळी घालावी लागतात, आणि प्रत्येक वेटोळ्यात जोर वाया जातो.

काम कसे करावे?

1. होडी पक्की बांधा. इंजिन थंड होऊ द्या. चावी काढून खिशात ठेवा. बॅटरी बंद करा.

2. जुनी केबल सोडवण्याआधी खुणा करा. रेसच्या केबलीला तांबडा दोरा बांधा, गिअरच्या केबलीला हिरवा. मोबाईल असेल तर फोटो काढून ठेवा.

3. केबल बाहेर ओढण्याआधी तिच्या एका टोकाला मजबूत दोरी बांधा. केबल बाहेर येईल आणि तिच्या वाटेत दोरी राहील. त्याच दोरीने नवी केबल आत ओढून घ्या. ओढताना पिळू नका.

4. वळण मोठे ठेवा. साध्या केबलीच्या वळणाची त्रिज्या निदान 8 इंच, म्हणजे सुमारे 20 सेंटिमीटर असावी. घमेल्याच्या काठाएवढे वळण चालेल, तांब्याएवढे चालणार नाही. गरम नळीपासून आणि फिरत्या पट्ट्यापासून केबल दूर बांधा.

5. आता जोडणी. वरचा दांडा न्यूट्रलवर ठेवा. गिअरचा हातही न्यूट्रलवर ठेवा. केबलीचे टोक आट्यांवर फिरवा, म्हणजे भोक पिनेसमोर येईल. पिन सहज बसली पाहिजे. ओढून-ताणून बसवली तर न्यूट्रल चुकले असे समजा.

6. टोक आट्यांवर पुरेसे चढवा. बोल्टच्या जाडीच्या निदान दीडपट. मग चेकनट आवळा. पिनेला नवी स्प्लिट पिन घाला. जुनी वापरू नका.

7. दांडा पूर्ण पुढे करा, मग पूर्ण मागे. गिअरचा हात दोन्हीकडे शेवटपर्यंत गेला पाहिजे. अर्धाच गेला तर आतला क्लच घसरतो आणि जळतो. दांडा सावकाशीवर असताना रेसचा हात आपल्या कमी वेगाच्या थांब्याला टेकला पाहिजे. बंद करण्याची केबल आत सोडल्यावर तिचा हात पूर्ण मागे आला पाहिजे.

8. उघड्या टोकांना पाण्याने न धुपणारे ग्रीस लावा.

परीक्षा

होडी बांधलेलीच ठेवा. मागे पाण्यात कुणी नाही हे पाहा. न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करा. सावकाश रेसवर पुढचा गिअर टाका. पंख्याचे पाणी मागे जाईल. न्यूट्रल करा. मग उलटा गिअर टाका. पाणी पुढे येईल. तिन्ही गोष्टी बरोबर झाल्या तरच दोर सोडा.

पुढेही एक सवय लावून घ्या. धक्का दूर असतानाच एकदा उलटा गिअर टाकून बघा. लागला नाही तर नांगर टाकायला वेळ आणि जागा दोन्ही असतात. भर समुद्रात केबल तुटली तर घाबरू नका. आधी इंजिन बंद करा. मग एकाने सुकाणू धरावे आणि दुसऱ्याने इंजिनापाशी बसून हाताने गिअर टाकावा. मोठ्याने हुकूम द्यावा, मोठ्याने ‘हो’ म्हणावे. पट्ट्यापासून कपडे आणि बोटे लांब ठेवावीत.

कोकणात पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात. शाकारणी, रंग, जाळ्यांची दुरुस्ती चालू असते. त्याच दिवसांत केबलीही तपासा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ जरूर द्या. पण त्याआधी दांडा पुढे-मागे करून बघा.

सांगा पाहू

1. सायकलच्या तारेत आणि होडीच्या केबलीत काय फरक आहे?
2. दांडा जड झाला तर सर्वांत आधी कोणते टोक सोडवाल? का?
3. जुनी केबल काढताना दोरी का बांधतात?
4. गिअरचा हात अर्धाच गेला तर काय नुकसान होते?
5. तुमच्या होडीवर किती केबली आहेत? त्यांची नावे आणि कामे वहीत लिहा.