एका बाकावर दोन तोंडं

मी ‘फाऊल’ असंच ओरडले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण गेले आठ महिने आमच्या कॉलेजात ‘तिनं ऐनवेळी फाऊल करायला सांगितलं आणि मॅच घालवली’ असं फिरतंय, आणि त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. आंतरविभागीय स्पर्धेची सेमीफायनल. आम्ही ५८, त्या ५५. नऊ सेकंद बाकी, बॉल त्यांचा. उद्या पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा फाऊलच सांगेन.

नऊ सेकंदांत तीन गुण भरून काढायचे तर समोरची टीम थ्री पॉइंटरच मारणार. आमचे त्या क्वार्टरमधले चार टीम फाऊल केव्हाच संपले होते, म्हणजे पुढच्या फाऊलला त्यांना दोन फ्री थ्रो. दोन्ही पडले तरी ५८-५७ आणि बॉल आमच्याकडे. दुसरा मुद्दाम चुकवून रिबाउंड घेतील अशी एक भीती असते, पण मुलींच्या कॉलेज टीमनं ते जमवलेलं मी तरी आजवर पाहिलेलं नाही. हिशेब सरळ होता. चुकलं ते दुसरीकडेच.

आमच्या बाकावर दोन प्रशिक्षक होते. एक मी, जी जूनपासून रोज पहाटे सहाला मुलींना पळवत होते. दुसरे सर. कॉलेजच्या पद्धतीप्रमाणे स्कोअरशीटवर प्रशिक्षक म्हणून नाव सरांचं आणि सहाय्यक म्हणून माझं. मी मानधनावर, त्यामुळे त्यावर वाद घालायचं कधी सुचलं नाही. कागदावर कुणाचं का नाव असेना, खेळवायचं तर मलाच आहे, असं वाटायचं. तो कागद काय करू शकतो हे तिसऱ्या क्वार्टरमध्ये कळलं. टाइम-आउट खेळाडूला मागता येत नाही, तो प्रशिक्षकानं किंवा पहिल्या सहाय्यकानं टेबलाकडे मागायचा असतो. दुसऱ्या हाफला तीन मिळतात. सरांनी त्यातले दोन तिसऱ्याच क्वार्टरला घेऊन टाकले. एक पंचांच्या निर्णयाचा राग आला म्हणून. दुसरा आमच्या पाच नंबरनं सोपी लेअप सोडली म्हणून, आणि तो मिनिटभर तिला सगळ्यांसमोर झापण्यात गेला. आम्ही तेव्हा सहा गुणांनी पुढे होतो.

आता माझी चूक. ती लपवत नाही. चौथ्या क्वार्टरला चार मिनिटं राहिली असताना आमच्या सात नंबरला चौथा फाऊल लागला. ती आमची पॉइंट गार्ड, बॉल वर नेणारी एकमेव भरवशाची मुलगी. स्कोअर ५२-४४. मी तिला बाहेर काढलं. पाचव्या फाऊलला ती गेलीच असती, शेवटची दोन मिनिटं तिला राखून ठेवू, असा विचार. समोरच्या प्रशिक्षिकेनं (फार हुशार बाई, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही) तिला बाकावर बसताना पाहिलं आणि तिथूनच फुल कोर्ट प्रेस लावला. आमच्या बदली मुलीला आठ सेकंदांत बॉल अर्धी लाइन पार करता येईना. दोनदा पास कापला, एकदा आठ सेकंद भरले. ५४-५३ झालं तेव्हा एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद राहिले होते. शेवटचा टाइम-आउट मी तिथं घेतला आणि सात नंबरला आत पाठवलं.

‘राखून ठेवणं’ हा शब्दच फसवा आहे. बाकावर राखलेली मुलगी कुणाचाही प्रेस मोडत नाही. चार फाऊलवर तिला कोर्टवरच ठेवून फक्त बचावात दुसरीकडे लावायला हवं होतं. त्यांच्यातल्या सगळ्यांत कमी शूट मारणाऱ्या मुलीसमोर. हे सुचायला मला घरी येऊन दोन रात्री लागल्या. त्या रात्री जागत मी अमेरिकेतल्या कॉलेजच्या मॅचेस बघत होते. २०१७ साली मिसिसिपी स्टेटच्या मॉर्गन विल्यमनं ओव्हरटाइमच्या शेवटच्या क्षणी बास्केट टाकून कनेटिकटची सलग १११ विजयांची मालिका ६६-६४ अशी तोडली. बुटकीशी गार्ड, पाच फूट पाच इंच. दोनच दिवसांनी फायनलमध्ये साउथ कॅरोलायनाविरुद्ध शेवटच्या क्वार्टरला तीच मुलगी बाकावर होती आणि मिसिसिपी स्टेट ६७-५५ अशी हरली. तिथल्या प्रशिक्षकाचा हिशेब काय होता ते त्याचं त्याला माहीत. पण एवढी मोठी माणसंही बाकाकडे बघून पस्तावत असतील, या विचारानं मला जरा झोप लागली.

तर सात नंबर आत आली आणि सगळं सावरलं. प्रेस मोडला, एक बास्केट केली, नऊ सेकंद उरले असताना तिच्यावर फाऊल झाला आणि तिनं दोन्ही फ्री थ्रो टाकले. ५८-५५. समोरच्यांनी टाइम-आउट घेतला. त्यांच्याकडे एक शिल्लक होता. शेवटच्या दोन मिनिटांत टाइम-आउट घेतला की स्वतःच्या अर्ध्यातला बॉल पुढच्या अर्ध्यातून आत टाकता येतो, तो राखण्याचा हाच फायदा.

त्यांचा टाइम-आउट म्हणजे आम्हालाही एक मिनिट फुकट मिळालं होतं. माझा सगळा जळफळाट त्या एका मिनिटावर आहे.

मुली गोल करून आल्या. मी गुडघ्यावर बसून बोर्ड उघडला. तेवढ्यात सर मध्ये आले. कॉलेजचं नाव, प्राचार्यांचा विश्वास, इतक्या वर्षांनी फायनल, ‘जिंकूनच जायचं’. पोरी माना डोलवत होत्या. माझ्या हातात मार्कर आणि बोर्ड कोरा. पन्नासाव्या सेकंदाला टेबलाचा हॉर्न वाजला तेव्हा मी कशीबशी म्हणाले, ‘पास घेतला की लगेच फाऊल.’ सात नंबरनं ऐकलं. अकरा नंबर तोवर पाण्याची बाटली खाली ठेवत होती.

बॉल आत आला. त्यांच्या पंधरा नंबरनं तो बास्केटकडे पाठ करून पकडला. फाऊलचा क्षण तोच. तिच्यासमोर आमची अकरा नंबर. ती हात पुढे करून निघाली, मग थबकली, हात मागे घेतला. तेवढ्यात पंधरा नंबर वळली आणि लाइनच्या बाहेरून उडी घेतली. आता अकरा नंबरचा हात आला, पण तो तिच्या दंडावर. शिट्टी. बॉल बोर्डला लागून आत. तीन गुण आणि वर एक फ्री थ्रो, तोही पडला. ५८-५९. पाच सेकंद उरले होते. टाइम-आउट असता तर बॉल आम्हीही पुढून टाकला असता. नव्हता. बेसलाइनवरून सात नंबरला पास दिला, तिच्यावर दोघी तुटून पडल्या, अर्ध्या कोर्टवरून फेकलेला बॉल रिंगलाही लागला नाही.

अकरा नंबर का थबकली हे मला कळेना. तिला विचारलं तर नुसती रडत होती. रात्री मुक्कामाच्या ठिकाणी तिच्या वडिलांनी मोबाइलवर घेतलेला व्हिडिओ दाखवला. ते बाकाच्या मागेच बसले होते. चित्र हललेलं, आवाज मात्र स्वच्छ. सर ओरडतात, ‘फाऊल नको! फाऊल नको!’ त्यावर माझा आवाज, ‘फाऊल! फाऊल!’ मी तो तुकडा वीसेक वेळा तरी ऐकला असेल. आपल्या भाषेत नकार शेवटी येतो. ‘फाऊल’ ऐकून मुलगी निघाली, ‘नको’ ऐकून थांबली, मग माझा ‘फाऊल’ ऐकून तिनं हात टाकला. आम्ही दोघांनी सांगितलेलं सगळं त्या पोरीनं केलं, ओळीनं.

वास्तविक बाकाजवळ एका वेळी प्रशिक्षक किंवा पहिला सहाय्यक यांपैकी एकानंच उभं राहायचं असतं. आम्ही दोघंही उभे होतो. पंचांनी तेव्हा टोकलं असतं तर मी त्यांचे पाय धरले असते.

परतीच्या बसमध्ये सर पुढच्या सीटवर बसून फोनवर कुणाला तरी समजावत होते, ‘मी नको म्हणत होतो.’ खरंच म्हणत होते, नाकारत नाही. अहवालात त्यांनी लिहिलं, ‘अखेरच्या क्षणी खेळाडूंना चुकीची सूचना दिली गेली.’ दिली गेली! कर्मणी प्रयोग शाळेत शिकवतात तो अशा कामांसाठी असेल असं मला वाटलं नव्हतं. तिसऱ्या क्वार्टरमधले दोन टाइम-आउट अहवालात नाहीत. ते एक मिनिटाचं भाषणही नाही.

आता ज्या मुली माझ्यासारख्या खेळून झाल्यावर कोचिंगला उतरताहेत त्यांच्यासाठी थोडं. स्कोअरशीटवर नाव कुणाचं हे मोसम सुरू व्हायच्या आधी विचारा. लाज वाटते, तरी विचारा. दुसऱ्या हाफचा निदान एक टाइम-आउट शेवटच्या मिनिटासाठी ठेवा, मग घर जळत असलं तरी. तिन्ही मात्र शेवटासाठी साठवू नका, शेवटच्या दोन मिनिटांत दोनच मिळतात.

फाऊल करायचा हे ठरलं असेल तर तो कसा करायचा हेही शिकवावं लागतं, हे मला आधी कळलं नव्हतं. मुलगी ड्रिबल करत असताना किंवा पाठ वळवलेली असताना, बॉलवर हात टाकून, खाली. तिनं दोन्ही हातांनी बॉल उचलला की हात मागे, काहीही झालं तरी. मिठी मारायची नाही, जर्सी ओढायची नाही, अनस्पोर्ट्समनलाइक लागला तर दोन फ्री थ्रो आणि वर बॉलही त्यांचाच. आणि बॉल कोर्टच्या आत यायच्या आधी कुणाला धरायचं नाही. २०२२ पासून शेवटच्या दोन मिनिटांत त्याला एक फ्री थ्रो आणि बॉल परत त्यांनाच, असा नियम आहे. मी आता सरावाच्या शेवटी बोर्डवर ५८-५५ लावते, घड्याळात नऊ सेकंद, आणि स्पीकरवर मोठ्यानं गाणी. प्रत्येकीला एकेकदा अकरा नंबरच्या जागी उभं करते. पहिल्या आठवड्यात दहापैकी सहा वेळा फाऊल शूटवरच झाला.

सूचनेसाठी सांकेतिक शब्द ठेवा. आधी मी ‘लाल’ ठरवला होता, पण समोरची टीम लाल जर्सीत आली तर घोळ. आता ‘भाकरी’ आहे. मुली हसतात, हसू देत. आणि फाऊल नको असेल तेव्हा काहीच ओरडायचं नाही.

बाकी शांत राहा, मुलींवर विश्वास ठेवा वगैरे सगळे सांगतात, तेही बरोबरच आहे. मला त्या संध्याकाळी जमलं नाही.

अकरा नंबर तीन आठवडे सरावाला आली नाही. मग मी तिच्या घरी जाऊन तिच्या वडिलांच्याच मोबाइलवर तो व्हिडिओ आवाजासकट तिला ऐकवला. तिनं एकदाच ऐकला. म्हणाली, ‘ताई, म्हणजे मला बरोबर ऐकू आलं होतं.’ दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला हजर.

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला, यंदाही टीम घ्याल ना म्हणून. मी म्हटलं, स्कोअरशीटवर पहिलं नाव माझं असेल तर घेते. ‘बघू,’ म्हणाले. माझा गेल्या मोसमाचा प्रवासखर्चही ते नोव्हेंबरपासून बघताहेत.