घर वसईला, रविवार नाशिकला

प्रश्न : वर्षभरासाठी नाशिकरोडला बदली झाली आहे. मिस्सेसाठी दर रविवारी वसईला जातो, मुले दमतात. इथल्या चर्चमध्ये जाऊ लागलो तर गावचे चर्च सुटेल का?

उत्तर : सुटणार नाही. कॅथलिक धर्मसभेच्या 1983च्या कायद्यातले कलम 102 सांगते, की तीन महिने राहण्याच्या इराद्याने आलात की तिथे तुमचा तात्पुरता अधिवास ठरतो. कलम 107नुसार तिथला धर्मगुरू तुमचाही होतो आणि वसईचा कायमचा अधिवास शाबूत राहतो. रविवारची मिस्सा कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये चालते, अगदी शनिवारी संध्याकाळचीही. मग कसारा घाट उतरून-चढून सोमवारी वर्गात पेंगणारी मुले कशासाठी? ‘आपली माणसे, आपली गाणी तिकडेच’ ही हरकत खरी आहे, पण त्यासाठी सण आणि घरची कार्ये आहेतच. धर्मशिक्षणाचा वर्ग बदलताना मात्र वसईच्या धर्मगुरूंचे पत्र घ्या, नाहीतर पहिल्या कम्युनियनच्या वेळी धावपळ होते. आणि बाळ येशूचे तीर्थ तर नाशिकरोडलाच आहे. फेब्रुवारीत तिथे यात्रा भरते, तेव्हा वसईकरच तुमच्याकडे मुक्कामाला येतील. जास्तीच्या गाद्या आधीच उन्हात घाला.